राखेखालची जमीन आणि जीपगाडीची चाके

आपल्या संघाच्या स्मरणिकेत आवकजावक, तोलाई-हमालीचे दर, करांची गुंतागुंत आणि बाजार समितीचे नियम यांवर जाणकारांचे लेख दरवर्षी येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. अलीकडे सभासदांच्या कुटुंबांचे परदेशगमन वाढल्यामुळे प्रवासवर्णनेही येऊ लागली आहेत. परंतु कोठे उतरलो, काय पाहिले, भोजनाची सोय कशी झाली एवढेच बहुधा त्यांत असते. कसे पाहावे, आणि पैसे मोजले म्हणून काय काय मागावे, याविषयी कोणी मत मांडीत नाही. ते मांडण्याचे धाडस धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेला माझ्यासारखा एक मॅट्रिक माणूस करीत आहे. विषय आहे ज्वालामुखीच्या बेटावर मार्गदर्शकासह जीपगाडीतून दिवसभर आडवाटांनी फिरण्याचा.

हे बेट म्हणजे लान्सारोते. अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर, स्पेनच्या ताब्यातील कनारी द्वीपसमूहापैकी हे एक. विस्तार सुमारे ८४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान. या द्वीपसमूहातील मोठ्या बंदरांच्या शहरांत सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत, त्यामुळे हिंदी माणूस तेथे अगदीच नवखा नाही. माझ्या धाकट्या कन्येचे बिऱ्हाड इंग्लंडात आहे. तेथील लोक थंडीला कंटाळून चार तासांच्या विमानप्रवासाने या बेटावर उन्हाला येतात, तसे आम्हीही गेलो.

बेटाचा पूर्वेतिहास धान्याच्या व्यापाऱ्याने अवश्य ऐकावा असा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लान्सारोते आणि शेजारचे फुएर्तेव्हेंतुरा ही दोन बेटे म्हणजे साऱ्या द्वीपसमूहाची धान्याची कोठारे होती. येथला गहू आणि जव गलबतांतून इतर बेटांवर जाई. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली आणि आगीचा डोंगर वर आला. याइसा गावचे धर्मोपदेशक आंद्रेस लोरेंसो कुर्बेलो यांनी त्या दिवसांची टिपणे लिहून ठेवली आहेत. कोणत्या दिवशी कोणते गाव गेले, विषारी वाफेने गुरे कशी पटापट पडली, हे त्यांत नोंदलेले आहे. तो उत्पात १६ एप्रिल १७३६ पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ चालला. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हारसाखाली गेला, आणि तोही मुख्यत्वे उत्तम पिकाचा. धर्मोपदेशक स्वतः आपल्या गावकऱ्यांसह ग्रान कनारिया बेटाकडे निघून गेले.

अशा लाव्हाने झाकलेल्या भूमीस तेथील भाषेत ‘मालपाईस’ म्हणतात, म्हणजे वाईट देश. आपल्या उताऱ्यावरील पोटखराबा तो हाच, असे मी मनाशी म्हटले. पण जे शेतकरी मागे राहिले त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जेथे लाव्हारस न येता नुसत्या काळ्या, भोकाभोकाच्या बारीक खडीचा थर पसरला होता, तेथे थर पातळ असल्यास पीक पूर्वीपेक्षा चांगले येत होते. या खडीला पिकोन किंवा रोफे म्हणतात. बेटावर वर्षाकाठी पाऊस सरासरी सहा इंचांच्या आसपास, नदी एकही नाही. पडेल ते पाणी ही खडी खालच्या मातीत जाऊ देते, आणि वर उन्हाची व वाऱ्याची झळ लागू न देता ओल धरून ठेवते. मग लोकांनी जेथे खडी पडली नव्हती तेथेही ती उंटांच्या पाठीवरून वाहून आणून शेतावर हातभर नव्हे, बोटभर-वीतभर जाडीने अंथरली. कांदा, हरभरा, मसूर, कलिंगड अशा पिकांखाली अशी राने आजही आहेत. जेथे थर फार जाड होता त्या ला हेरियाच्या खोऱ्यात त्यांनी पुरुषभर खोल, क्वचित त्याहूनही खोल खड्डे खणून खालची जुनी माती गाठली, प्रत्येक खड्ड्यात एकच द्राक्षवेल लाविली आणि वाऱ्याच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार ताल घातली. ती द्राक्षे मुख्यतः मद्यासाठी जातात, तो भाग आपल्याला वर्ज्य. परंतु डोंगरउतारावर असे हजारो खड्डे पाहताना त्या हातांविषयी आदरच वाटतो.

आपल्याकडे विजापूर-अथणीच्या काळ्या रानात शाळू पिकतो तो पावसाळ्यानंतरच्या ओलीवर. ती काळी मातीही मूळची ज्वालामुखीच्याच खडकाची आहे. दख्खनचा तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि लान्सारोतेचा अवघा तीनशे वर्षांचा, एवढाच काय तो फरक. आपल्या बापजाद्यांना जी माती तयार मिळाली, ती तेथे अद्याप व्हावयाची आहे. त्या खडकावर आज काय उगवले आहे, तर राखाडी-पांढरट दगडफूल, तेही बुरशीसारखे चिकटलेले. खडक फोडून माती करण्याच्या कामातला तो पहिला मजूर होय.

आता जीपगाडीकडे येतो. सकाळी नऊच्या सुमारास गाडी उतारूंना घ्यावयास येते. एका गाडीत सहा-आठ माणसे, चालक हाच मार्गदर्शक. हानुबिओची मिठागरे, समुद्राने पोखरलेला काळा किनारा, एल गोल्फोचे हिरवे तळे, ला हेरिया, मग जुनी राजधानी तेगीसे, असा फेरा सायंकाळी पाचपर्यंत चालतो. मिठागरे तर मी घटकाभर पाहत राहिलो. त्याच उत्पातात लाव्हाने समुद्राचा एक कोपरा अडवून खाजण केले आणि १८९५ पासून तेथे मीठ पिकू लागले. अडचणीतून धंदा काढणे आपल्याला शिकवावे लागत नाही, पण येथे शिकण्याजोगे होते.

मोठ्या बसने जाणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. जीप शेताच्या बांधापर्यंत जाते, मार्गदर्शक शेतकऱ्याला हाक मारतो, खडी हाताने बाजूला सारून खालची ओलसर माती दाखवितो. म्हणून जीपच्या फेऱ्याला माझा विरोध नाही, उलट आमच्या वयाच्या माणसांनीही तो अवश्य घ्यावा असे मी म्हणेन. कंबरेला एक पट्टा बांधावा म्हणजे झाले. माझा विरोध आहे तो वाट सोडून डोंगरावर गाडी घालण्याला, आणि पैसे दिले म्हणून तसा आग्रह धरण्याला.

दुपारी एका काळ्या उतारापाशी गाडी थांबली. तेथे कोणाच्या तरी चाकांचे दोन पट्टे वरपर्यंत गेलेले दिसत होते. आमच्यातील एका तरुण उतारूने वर गाडी नेण्याची विनंती केली, वर काही अधिक देऊ केले. मार्गदर्शकाने मान हलविली. ते पट्टे दाखवून तो म्हणाला की हे कालचे नव्हेत, मी या कामावर आलो तेव्हापासूनचे आहेत. येथे पाऊस नाही, त्यामुळे पुसले जात नाहीत.

आमचे जावईबापू मला हळूच म्हणाले, “मामा, पूर्ण दिवसाचे पैसे घेतले आहेत. एवढ्या एका गाडीने काय बिघडणार होते?”

मी म्हणालो, “जावईबापू, बाजारात पोते उघडले की प्रत्येक गिऱ्हाईक नमुन्याची एकच मूठ घेतो. संध्याकाळी पोते काट्यावर ठेवून पाहा.”

त्यावर ते हसले, पण ही हसण्याची गोष्ट नाही. बेटाची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, आणि वर्षाकाठी येणारे प्रवासी तीस लाखांच्या घरात. शिवाय चाकाने नुकसान होते ते डोळ्यांना न दिसणारे. ती खडी मोकळी, मातीपासून वेगळी राहिली तरच ओल धरते. धूळमाती तिच्यात मिसळली की तिचा गुण जातो. म्हणून शेतकरी स्वतः देखील आपल्या रानात जपून पाऊल टाकतो, आणि कित्येक वर्षांनी सारा थर काढून नवा घालतो. जे शेतकऱ्याचे मुद्दल आहे त्यावर उतारूने गंमत म्हणून गाडी फिरवावी, आणि व्यापारी म्हणविणाऱ्या आपण त्यास भाडे मोजले म्हणून हक्क समजावा, हे मला पटत नाही. भाडे गाडीचे दिले आहे, डोंगराचे नव्हे.

तिमानफायाच्या मुख्य ज्वालामुखी प्रदेशाचे १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे आमची जीप उभी करून ठेवावी लागली आणि पुढील १४ किलोमीटरांचा फेरा उद्यानाच्या स्वतःच्या बसमधून, एका ठराविक अरुंद रस्त्याने झाला. मध्ये कोठेही उतरू देत नाहीत. आमच्या गाडीतील कित्येकांची कुरकुर झाली की जीपचे पैसे देऊन बसमध्ये कसले बसविता. मी स्वतः निर्बंधांचा चाहता नाही. परवाने, साठ्याच्या मर्यादा, तपासण्या यांविरुद्ध आपल्या संघाच्या सभांतून मी किती वेळा बोललो आहे हे जुन्या सभासदांस आठवेल. परंतु जे निर्बंध माल हलू देत नाहीत ते वेगळे आणि जे मुद्दल शाबूत ठेवतात ते वेगळे. ती बस हा दुसऱ्या जातीचा निर्बंध आहे. तो नसता तर पाहण्यासारखे काही उरले नसते व जीपवाल्याचाही धंदा बसला असता.

या बाबतीत एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. सेसार मान्रिके (१९१९–१९९२) हा तेथील चित्रकार. रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्या नकोत, उंच इमारती नकोत, घरे पांढरी असावीत, असा धोशा त्याने राज्यकर्त्यांमागे लाविला आणि बेटाचे रूप बव्हंशी राखले. १९९३ मध्ये युनेस्कोने सारे बेट जैवमंडल राखीव क्षेत्र म्हणून मान्य केले. तरीही गर्दीचा भार वाढतच गेला, आणि २० एप्रिल २०२४ रोजी कनारी बेटांवर सर्वत्र लोक रस्त्यावर उतरले. प्रवासी नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. घरभाडी, पाणी आणि जमीन यांना काही मर्यादा आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आपण तेथे गिऱ्हाईक म्हणून जातो, आणि गिऱ्हाईक काय मागतो यावर दुकानात काय ठेवतात हे ठरते, ही गोष्ट आपल्याखेरीज कोण अधिक जाणील?

आपल्या बेळगावकरांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. कुळ्यांहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा आपल्या परिचयाच्या आहेत. त्या ठरलेल्या जंगलवाटेने जातात व पावसाळ्यात बंद राहतात. पण चोर्ला-आंबोलीच्या सड्यांवर पावसाळ्यात आपलीच तरुण मंडळी मोठी चाके लावलेल्या गाड्या चिखलात घालतात, त्याची चित्रे घरोघर दाखवितात, आणि वडील मंडळी कौतुकाने पाहतात. त्या सड्यावरची माती बोटभरसुद्धा नाही. चालताना पायाखाली पाहावे हे ज्यांच्या घरी मुलांना लहानपणी सांगितले जाते, त्यांनी गाडी चालविताना चाकाखाली पाहू नये काय?

आपल्या लोकांस उपयोगी पडतील अशा आणखी दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. तिमानफायाच्या उपाहारगृहात जमिनीतून येणाऱ्या उष्णतेवर मांस भाजतात आणि प्रवाशांना ते मोठ्या अभिमानाने दाखवितात. तेथे जेवणाची वेळ येऊ देऊ नये. बेटाचे आवडते खाणे म्हणजे मिठात उकडलेले बटाटे व लसणाचे वाटण, तेही आपल्यापैकी पुष्कळांना चालणार नाही. सौ.ने बरोबर दशम्या आणि चटणी घेतली होती, त्यावर आमची दुपार निभावली, आणि हिवाळ्यातही गाडी वेळेवर परतल्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकले नाही. उत्तरेकडे ग्वातीसा गावाभोवती निवडुंगाची राने लागतात. त्यांवर पोसलेले किडे वाळवून तांबडा रंग काढतात. एकोणिसाव्या शतकात तो मोठा व्यापार होता, पुढे कृत्रिम रंगांनी तो बसला, पण अजून नामशेष झालेला नाही. मिठाई, सरबते यांच्या वेष्टनावर ‘ई १२०’ असे लिहिलेले असेल तर तो हाच रंग समजावा. आमच्या घरी आता वेष्टन वाचल्यावाचून काही आणीत नाहीत.

मसुरीविषयीही एक सांगतो. लान्सारोतेची मसूर बारीक आणि चवीला उत्तम म्हणून तिचे नाव आहे, पण पीक थोडे. म्हणून ‘लान्सारोते पद्धतीची’ असे छापलेल्या पिशवीत परदेशची मसूरही विकली जाते. पिशवी उलटून मूळ देश वाचावा. मी तर दुकानदारासमोरच पिशवीतील दाणे तळहातावर घेऊन पाहिले. त्याला बहुधा विचित्र वाटले असेल.

गोफिओ मात्र अवश्य आणावे. गहू, जव किंवा मका भाजून दळलेले हे पीठ. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे मूळ रहिवासीही ते खात. आपल्या सातूच्या पिठाचा हा सख्खा भाऊ. दुधात गूळ घालून कालवले की नातवंडे विचारीतही नाहीत की हे कोठले. भाव मात्र आपल्या सातूच्या कितीतरी पट आहे.