पिल्लं उचलणारा हात

मागच्या रविवारी भाचीच्या बाळाला बघायला आम्ही पाच-सहा जण तिच्याकडे जमलो होतो. बाळ पाच महिन्यांचं. पुढच्या महिन्यात भाचीची रजा संपते आणि ती कामावर जाणार. पोहे खाऊन झाले, चहा आला, आणि आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी विषय काढलाच. "आता तर शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. पहिल्या दिवसांत आई जवळ नसली की मूल जन्मभराचं घाबरट होतं. आपल्या मुंबईतच झालंय ते संशोधन."

भाची काही बोलली नाही. बाळाचं टोपडं उगाचच सारखं करत राहिली.

मलाही तेव्हा काही बोलता आलं नाही. वादात मला नेहमी घरी परतल्यावर सुचतं. म्हणून इथे लिहिते आहे. घरातली मंडळी हा ब्लॉग वाचतात, तेव्हा ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

ते म्हणत होते ते संशोधन डॉ. विदिता वैद्य यांचं असावं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिथे त्या २००० सालापासून काम करतात. त्याआधी सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग अमेरिकेत येल विद्यापीठात पीएचडी. २०१५ साली भटनागर पुरस्कार, २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार. बालपणातल्या ताणाचा मेंदूवर पुढे काय परिणाम राहतो आणि त्यात सेरोटोनिन या रसायनाचा वाटा काय, हा त्यांचा अभ्यास. मी भाषेची शिक्षिका, तेव्हा हे समजून घ्यायला मला चार-पाच दुपारी लागल्या. आमच्या नातवाने मदत केली, थोडा वैतागलासुद्धा.

मला समजलं ते माझ्या पद्धतीने सांगते. शाळेची घंटा आठवा. घंटा एकच, पण ती ऐकून शिपाई फाटक लावतो, पोरं रांगेत पळतात, आम्ही शिक्षिका हातातला चहा टाकून वर्गाकडे निघतो. सेरोटोनिन म्हणजे ती घंटा. पेशींवर ती ऐकणारे कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. एकट्या सेरोटोनिनसाठी अशा कानांचे निदान चौदा प्रकार आहेत. कोणत्या कानाने घंटा ऐकली त्यावर पुढे काय होणार ते ठरतं. त्यातल्या 'टू-ए' नावाच्या कानावर वैद्यबाईंचं बरंच काम आहे. तो पेशीला चेतवतो.

आता ते प्रयोग. उंदराची पिल्लं जन्मानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून वेगळी ठेवतात. या वयात त्यांचे डोळेसुद्धा धड उघडलेले नसतात. अशी पिल्लं मोठी झाल्यावर जास्त घाबरी निघतात. आमच्या गृहस्थांनी इथवरच ऐकलं होतं. पण गोष्ट इथे संपत नाही. २०११ साली याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या कामात अशा पिल्लांना त्याच दिवसांत ते टू जातीचे कान बंद करणारं औषध दिलं. आईपासून ती तेवढीच दूर राहिली, पण मोठेपणी त्यांच्यात तो घाबरेपणा आला नाही!

आणि २०२० सालच्या प्रयोगात तर आईला लांब केलंच नव्हतं. उंदरांच्या मेंदूत शास्त्रज्ञांनी घडवलेला एक कृत्रिम कान बसवला होता, जो एका ठरावीक औषधालाच ओ देतो आणि पेशीला आतून टू-ए सारखंच चेतवतो. त्याच पहिल्या दोन आठवड्यांत तो चेतवला, तर मोठेपणी घाबरेपणा आणि उदासी दिसली. तेच थोड्या मोठ्या वयात केलं तर तसा परिणाम झाला नाही. (या निबंधाच्या लेखकांत पहिलं नाव 'स्थितप्रज्ञ' आहे. घाबरेपणाचा अभ्यास करायला याहून योग्य नाव कुठलं? मराठीच्या शिक्षिकेला अशा गोष्टींत उगाच आनंद होतो.)

हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. एकदा आई दूर होती तरी नुकसान टळलं. एकदा आई जवळ होती तरी नुकसान झालं. म्हणजे घडामोड त्या कोवळ्या दिवसांत, त्या पेशींच्या चेतण्यात आहे. आईजवळ असणं हा तिच्यापर्यंत जाणारा एक रस्ता आहे, एकमेव नाही. शिवाय हे उंदीर आहेत. उंदराचे चौदा दिवस म्हणजे माणसाचे किती महिने, याचा हिशेब बशीतले पोहे संपेपर्यंत होत नसतो.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती अगदी साधी गोष्ट. त्या प्रयोगात उंदरीण पिल्लांना टाकून कुठेही गेलेली नसते. वरून एक हात येतो आणि त्यांना वेगळं करतो. आपण तो हात बघतच नाही, डोळे वटारून उंदरिणीकडे बघतो.

माणसांत हा हात कुणाचा? पुण्यात जिकडे बघावं तिकडे इमारती उठताहेत. तिथे वीटकाम करणाऱ्या बाईचं तान्हं वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत असतं. ती काय हौसेने त्याला तिथे ठेवते? अशा मुलांसाठी बांधकामावरच पाळणाघर काढायचं काम मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत सुरू केलं, आपल्या पुण्यातही ते चालतं. सरकारने २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. चांगलंच झालं. पण घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला कुठली रजा आणि कुठलं पाळणाघर? या संशोधनातून काही शिकायचंच असेल तर ते रजा देणाऱ्यांनी, पगार देणाऱ्यांनी आणि घरात आयता चहा पिणाऱ्यांनी शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आईला आरोपी करण्याची खोड जुनी आहे. मूल स्वमग्न झालं तर आई प्रेमाने थंड, फ्रिजसारखी, असं अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. खरं तर बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच याचं मूळ शरीरात आहे असं मांडलं होतं. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ, आणि अशाच एका मुलाचे वडील. आज स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, तिच्यात जनुकांचा मोठा वाटा आहे, हे सगळे मानतात. पण मधल्या काळात किती आयांनी ते ऐकून घेतलं असेल...

आणि हे मी वरून सांगत नाही. १९८४ च्या सुमारास माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. नजरेला नजर देत नसे, बाकाच्या कडेवरून बोट फिरवत बसे. घंटा झाली की कानांवर हात दाबून किंचाळे. पाढे मात्र तीसपर्यंत घडाघडा. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती नोकरी करत होती. मी तिला म्हटलं, "अहो, तुम्ही दिवसभर बाहेर. त्याला आई मिळायला नको का?" माझ्या वाचनात तेव्हा असंच काहीबाही आलेलं होतं आणि शिक्षिकेचा शब्द म्हणजे त्या काळी दगडावरची रेघ.

दोन वर्षांनी ती मला तुळशीबागेत भेटली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "बाई, मी तेव्हाच नोकरी सोडली. पण तो तसाच राहिला हो."

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नाही. त्या मुलाला घंटेचा आवाज सोसत नव्हता, त्याला मागच्या खोलीजवळ बसवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं, हे मला कळायला पुढची पंधरा वर्षं लागली. त्या रविवारी भाची टोपडं सारखं करत होती तेव्हा मला तीच बाई दिसत होती.

काल भाचीला फोन केला. तिच्या ऑफिसात पाळणाघर आहे का, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणाली. माणसं चाळीसच, कायदा लागू होत नाही. मग असं ठरलंय की सोमवार ते बुधवार तिच्या सासूबाई, गुरुवारी-शुक्रवारी मी. रिक्षाने वीस मिनिटं लागतात. त्या गृहस्थांनाही मी शनिवारबद्दल विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.