गर्भाशयाची पिशवी काढण्याची घाई नको



'पेशी बिघडल्या की पिशवीच काढावी, सुंठीवाचून खोकला जातो' हे पत्र वाचून राहवले नाही. गर्भाशयमुखाच्या माझ्या नेहमीच्या पॅप तपासणीत अशाच बिघडलेल्या पेशी निघाल्या. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले! पण तो कर्करोग नव्हता. जागेवर बधिरतेचे इंजेक्शन देऊन विजेच्या तारेच्या बारीक फाशाने गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग काढला. पिशवी शाबूत, संध्याकाळी मी घरी. फेरतपासण्या मात्र चुकवून चालत नाही. तपासणीचे मोल तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासाने २००९ मध्येच दाखवले: एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पत्रलेखकांनी घरच्या तिशीपुढच्या बायकांना आधी तपासणीला न्यावे.

– एक वाचक, सोलापूर