बिल्डच्या नोंदीतील मोठी अक्षरे : अलंकार की खूण?

१/ मोबाइल ॲपचे स्वयंचलित बिल्ड सुरू होताच पडद्यावरून शेकडो ओळी सरकू लागतात. मध्येच तिरप्या-आडव्या रेघांनी रचलेला, पाच-सहा ओळी उंचीचा ‘बीटा’ हा रोमन शब्द उमटतो. अनेकांना हा पोरकटपणा वाटतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

२/ आयबीएमचे १४०३ हे मुद्रणयंत्र १९५९ मध्ये आले. वेग मिनिटाला ६०० ओळी. कागद सलग, घड्यांचा. अशा यंत्रांवर अनेकांची कामे एकाच थप्पीत बाहेर पडत. एकाचे काम कोठे संपले आणि दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, हे ओळखणार कसे?

३/ त्यावर तोडगा निघाला बॅनर पानाचा. कामाच्या आरंभी एक स्वतंत्र पान आणि त्यावर मालकाचे नाव ठळक, भव्य अक्षरांत. यंत्राला अक्षर मोठे करता येत नसे. म्हणून लहान अक्षरांच्याच विटा रचून मोठे अक्षर बांधले जाई.

४/ १९६३ मध्ये आस्की ही प्रमाण संकेतावली आली. पुढे युनिक्समध्ये ‘बॅनर’ नावाची आज्ञाच होती. १९९१ मध्ये ग्लेन चॅपेल आणि इयन चाय यांच्या प्रयत्नांतून ‘फिगलेट’ जन्मले आणि या अक्षरांना नाना वळणे लाभली.

५/ २०१४ मध्ये फेलिक्स क्राउझ यांनी ‘फास्टलेन’ आणले. चाचणी, स्वाक्षरी आणि ॲप स्टोअरकडे पाठवणी ही कामे त्यात ‘लेन’मध्ये बांधता येतात. लेनच्या आरंभी फिगलेटला हाक मारली की बॅनर उमटते.

६/ बिल्डची लांबलचक नोंद ही त्या थप्पीचीच वारस आहे. ‘बीटा’ऐवजी चुकून ‘प्रॉडक्शन’ लेन चालली, तर अर्धेकच्चे ॲप सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचू शकते. आरंभीच दिसलेले मोठे अक्षर हात आवरण्याची संधी देते. म्हणून बॅनर हवेच.

७/ पण मोजकेच. थप्पीतले प्रत्येक पान बॅनरचे असते, तर कोणाचेच काम सापडले नसते. आरंभी लेनचे नाव आणि शेवटी निकाल, एवढे पुरे. शिवाय रेघांनी रचलेला शब्द नोंदीत शोधून सापडत नाही. तोच शब्द खाली साध्या अक्षरांतही छापावा.

८/ बॅनर पान शोभेसाठी जन्मले नव्हते. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, यासाठी जन्मले होते. बिल्डमध्ये बॅनर घालताना त्याच कसोटीवर ते घासून पाहावे.