पाऊस किती, वाहिला किती?
यंदाही ह्यूस्टनमधल्या दोन-तीन घरांनी विचारलं, "मागचं अंगण काँक्रीट करू का?" पाण्याचा हिशेब हेच माझं काम, म्हणून आकडेच सांगतो. पडलेल्या पावसातून किती वाहील, याला आम्ही अपधाव म्हणतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात तयार झालेली कर्व्ह नंबर पद्धत त्यासाठी जमिनीला अंक देते : चिकणमातीवरच्या दाट हिरवळीला ८०, काँक्रीटला ९८. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हिरवळीवरून सुमारे ५० मिलिमीटर वाहतो, काँक्रीटवरून ९४. हे जास्तीचं पाणी उताराकडच्या शेजाऱ्याच्या दारात जातं. गावाकडे माती वेगळी, अंक वेगळा; हिशेब तोच. तेव्हा रांगोळीपुरती फरशी घाला, बाकी अंगण मोकळं राहू द्या.