सापशिडीची आवृत्ती कोणती?

खेळाचे नियम ही संहिता मानावी काय, असा प्रश्न मराठीच्या वर्गात विचारला की विद्यार्थी हसतात. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आपण तासन्‌तास बोलतो. खेळाच्या नियमांतील पाठभेद मात्र पोरखेळ ठरतात. आमचे मत नेमके उलटे आहे. नियमांत बदल झाला की खेळणाऱ्याने कशाची इच्छा धरावयाची, हेच बदलते. एवढा मोठा अर्थबदल एखाद्या पाठभेदाने क्वचितच होतो.

सापशिडीचेच पाहा. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, अशी महाराष्ट्रात समजूत आहे. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांत तिला आधार नाही, आणि आज उपलब्ध असलेले असले पट सहसा अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. म्हणून कर्तृत्वाचा वाद बाजूला ठेवू. उत्तर भारतात या खेळाला ज्ञानचौपड म्हणत. त्याचे जैन पट साधारणतः ८४ घरांचे, वैष्णव पट ७२ घरांचे, आणि सूफी वळणाचेही पट आढळतात. म्हणजे मूळ पोथी एकच, असे येथेही म्हणता येत नाही.

हरीश जोहरी यांनी प्रसिद्ध केलेला ७२ घरांचा पाठ आम्हांस विशेष मननीय वाटतो. (साप पुष्कळ आणि शिड्या थोड्या, असे या खेळाविषयी सरसकट सांगितले जाते, या पाठात दोन्ही दहा-दहा आहेत.) येथे जिंकण्याचे घर शेवटचे नव्हे. वैकुंठ आहे ६८व्या घरात. भक्तीच्या, म्हणजे ५४व्या घरातील शिडी थेट तेथे पोहोचवते. दयेची शिडी १७व्या घरातून ६९व्या घरात, ब्रह्मलोकात नेते. चढण केवढी मोठी, पण वैकुंठ एका घराने मागे राहिले! अशा खेळाडूला पुढे ७२व्या घरापर्यंत जावे लागते; तेथला तमोगुणाचा साप त्याला ५१व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. वर जाणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पटावर कोणी उपदेश करून सांगत नाही. नियमच ते घडवून आणतो.

१८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. तेथील पटांवरही नीती होती, पण ती व्हिक्टोरियन काळाची. काटकसरीच्या शिडीने परिपूर्ती, उद्योगाच्या शिडीने यश. आळसाच्या सापाने दारिद्र्य. मोक्षाच्या जागी यश आले आणि जिंकण्याचे घर पटाच्या टोकाला गेले. पुढे ही नावेही गळाली. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांऐवजी घसरगुंड्या घातल्या. आपल्याकडे दुकानात मिळते ती सापशिडी या परतलेल्या आवृत्तीचीच नक्कल. तिच्यात सापाला तोंड आहे, नाव नाही. ‘इंग्रजांनी आपला खेळ चोरला’ ही तक्रार आम्हांस फारशी महत्त्वाची वाटत नाही. आवृत्ती बदलली याची नोंद कोणी ठेवली नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

ही नोंद कशी राहू शकते, हे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळात दिसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एक जण कथानक चालवतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक अशा भूमिका घेतात, आणि निकाल नियमपुस्तिका व फासे देतात. त्यात प्रत्येक पात्राला नैतिक कल असतो. १९७४ साली असे कल तीन होते, १९७८ साली नऊ झाले. धर्मयोद्धा आपल्या कलापासून ढळला तर त्याच्या शक्ती जात. २००८च्या चौथ्या आवृत्तीत कल पाच उरले आणि ती शिक्षाही गेली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत नऊ कल परतले, पण नियमांवरची त्यांची पकड सैल झाली. येथेही नीती नियमातून निसटून नावापुरती उरली, परंतु प्रत्येक पायरीवर आवृत्तीचा आकडा आहे. चौथी आवृत्ती अनेकांनी नाकारली. २००९ साली ‘पाथफाइंडर’ने जुन्याच नियमांचा धागा पुढे चालवला. ज्याला पाठचिकित्सा म्हणून आपण गुण देतो, तेच ही मंडळी हौसेने करतात.

आमच्या परिसराला हा प्रश्न परका नसावा. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली असोद्यात झाला. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. ओठांवरचे गाणे मुलाने आणि आप्तांनी कागदावर उतरवले, तेव्हाच त्याची एक आवृत्ती ठरली. छापील ओळ हीच मूळ ओळ, असे धरून चालणाऱ्या विद्यार्थ्याला प्रतींचे महत्त्व समजावताना आम्हांस सापशिडीचा पट अधिक उपयोगी वाटतो. तो प्रत्येकाने खेळलेला असतो आणि त्याच्याविषयी धाक नसतो.

आरंभ एका साध्या प्रश्नाने करता येईल. सोंगटी ९८वर आहे आणि दान पाच पडले. काही घरांत ती जागीच थांबते, काहींत शंभराला टेकून उरलेली तीन घरे मागे येते, आणि काही घरांत जास्तीचे दान सोडून देऊन डाव जिंकला असे मानतात. तिन्ही नियमांचे पाठ विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतून लिहून आणावेत, कोणी शिकवला तेही सोबत नोंदवावे, आणि मग ७२ घरांचा पट त्यांच्यापुढे मांडावा.