मदतनिधीसाठी धावताय? थांबायचीही तयारी ठेवा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक जण रुग्णांच्या उपचारांसाठी निधी गोळा करत धावतात. उपक्रम चांगलाच; पण ‘लोकांनी पैसे दिलेत, आता थांबायचं कसं?’ हे दडपण जिवावर बेतू शकतं.

कॅनडाचा टेरी फॉक्स 1980 मध्ये कर्करोग संशोधनासाठी कृत्रिम पायावर धावला. 143 दिवसांनंतर, कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने, तो थांबला. देणग्या मात्र थांबल्या नाहीत.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर नोंदणीपूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्या. सराव कमी असेल, तर 42 किलोमीटरऐवजी छोटं अंतर निवडा. धावताना छातीत दुखलं, भोवळ आली, तर लगेच थांबा आणि वैद्यकीय पथकाची मदत घ्या. देणगी रुग्णांसाठी आहे, तुमच्या पदकासाठी नाही.