नाण्याची किंमत नंतर, आधी वजन

जुनी नाणी जमविण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना असेल. अशी मुले मला भेटतात, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढतात आणि नाणे हातावर ठेवून बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘‘सर, याचे किती येतील?’’ त्या नाण्याचे वजन किती, हे मात्र मला आजवर क्वचितच कोणी विचारले आहे. माझ्या मते या छंदाची सारी मौज आणि त्यातले सारे विज्ञान या दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिला प्रश्न आधी विचारला की काय होते, ते मी स्वतः अनुभवलेले आहे.

१९६६ साली मी आठवीत होतो. माझे एक मामा एडन बंदरात एका पेढीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मला चांदीचे एक भले मोठे नाणे दिले. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक स्थूल राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. जवळजवळ दोनशे वर्षांचे नाणे! मी ते वर्गात मिरविले आणि महिन्याभराने एका मित्राला देऊन टाकले. बदल्यात त्याच्याकडून अकरा देशांची चोवीस नाणी घेतली. सौदा करताना ‘१७८० सालचे आहे’ असे मी छातीठोकपणे सांगितले होते.

ती राणी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा, आणि ते नाणे म्हणजे तिचा थालर. राणी १७८० साली वारली. पण तांबड्या समुद्राच्या काठचे अरब आणि हबशी व्यापारी कॉफीच्या मोबदल्यात हेच नाणे मागत. त्याची चांदी त्यांच्या खात्रीची होती. नवा राजा, नवा चेहरा त्यांना नको होता. म्हणून टांकसाळीने राणीच्या पश्चात तेच साल घालून तीच नाणी पाडणे चालू ठेवले. राणीच्या चित्राखाली एस्. एफ्. ही दोन अक्षरे असतात. ती ग्युन्झबुर्ग गावच्या टांकसाळीतील अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे होत. ती टांकसाळ १८०५ साली बंद पडली, तरी अक्षरे तशीच राहिली! पुढे १९३५ साली ऑस्ट्रियाने हे ठसे इटलीला दिले. तेव्हा आपला व्यापार अडू नये म्हणून लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स येथेही हे नाणे पाडले जाऊ लागले. १९४० आणि १९४१ या सालांत तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले. व्हिएन्नाची टांकसाळ ते आजही पाडते, आणि साल अर्थातच १७८०.

म्हणजे मी ‘दोनशे वर्षांचे’ म्हणून दिलेले नाणे कदाचित पंचवीस वर्षांचे असेल आणि फोर्टातल्या टांकसाळीतून एडनला जाऊन परत कोकणात आले असेल. हे मला कॉलेजात गेल्यावर एका पुस्तकातून कळले. मित्राला मी ते सांगितले, पण लगेच नव्हे, दोन वर्षांनी. चोवीस नाणी परत द्यावी लागतील अशी धास्ती होती.

आता तुम्ही विचाराल, साल फसवे, टांकसाळीची खूण फसवी, मग नाणे ओळखायचे तरी कसे? एखाद्या खडूच्या पेटीएवढ्या साहित्यात बरेच काही होते. आधी वजन करा. थालरचे ठरीव वजन २८.०७ ग्रॅम, त्यात चांदी हजारात ८३३ भाग, उरलेले तांबे. मग घनता काढा. तराजूवर पाण्याचा पेला ठेवून त्याचे वजन घ्या. नाणे बारीक दोऱ्याने बाहेरून असे टांगा की ते पूर्ण बुडेल, पण तळाला वा बाजूला टेकणार नाही. वजनात जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान. थालरच्या बाबतीत ही वाढ सुमारे २.७५ येते, म्हणून घनता सुमारे १०.२. त्याच आकारमानाचे नाणे चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचे असेल तर त्याचे वजन साडेतेवीस ग्रॅमच्या आसपासच भरेल. वजन जुळवायचे तर त्याला नाणे जाड करावे लागेल, आणि तेथे तुमची मोजपट्टी त्याला पकडील. आर्किमिडीजचे तत्त्व परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? शिक्षक मित्रांनाही विनंती आहे की प्रयोगशाळेतला तराजू एखाद्या शनिवारी या कामासाठी मोकळा ठेवावा.

लोहचुंबकही जवळ असू द्या. १९४७ सालचा वाघाचा रुपया त्याला चटकन चिकटतो. मुलांना वाटते तो लोखंडाचा. तो शुद्ध निकेलचा आहे. तेच निकेल पाव भाग आणि तांबे पाऊण भाग असे मिसळले की त्या नाण्याकडे चुंबक ढुंकून पाहत नाही.

पण एक लक्षात ठेवा. घनतेने धातू कळतो, वय कळत नाही. मुंबईचा थालर आणि व्हिएन्नाचा थालर पाण्यात सारखेच उतरतील. तेथे भिंग लागते. राणीच्या खांद्यावरील पदकाचे मोती, गरुडाच्या शेपटीतील पिसे, अक्षरांमधील अंतर अशा बारकाव्यांवरून जाणकार एकेक टांकसाळ वेगळी करतात. कोणत्या कसोटीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते, हे ज्याला उमगले त्याने विज्ञानाचा मोठा धडा गिरविला, असे मी समजतो.

सालाची आणखी एक गंमत. तुर्कस्तानच्या एका नाण्यावर १३२७ वाचून एका मुलाने ते सातशे वर्षांपूर्वीचे ठरविले होते. ते साल हिजरी. शिवाय ते सुलतान पाचवा महंमद गादीवर आला ते साल. नाणे पाडल्याचे वर्ष निराळ्या आकड्याने दिलेले असते. त्याच्या नाण्यावर तो आकडा ७ होता, म्हणजे हिजरी १३३३. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. उत्तर येते १९१५. मराठवाड्यात जुन्या घरांतून निजामाची चारमिनारची नाणी निघतात, त्यांनाही हेच गणित लावा. नेपाळच्या सालातून ५७ वजा करा, थायलंडच्या सालातून ५४३.

आता घासण्याविषयी. चांदीवरचा काळा थर म्हणजे नुसती घाण नव्हे. नाण्याच्याच चांदीचा हवेतील गंधकाच्या संयुगांशी संयोग होऊन तो बनतो. तो घासून काढलात की नाण्याची तेवढी चांदी गेली, आणि उंचवट्यावरील रेषा आधी गेल्या. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांतले काहीही नाण्याला लावू नका. माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून सुकवा, पुरे.

अदलाबदलीला माझा विरोध नाही. दोन नाण्यांच्या बदल्यात दुसऱ्याचे ज्ञानही मिळते. मात्र नाण्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी: वजन, व्यास, धातू, कोठून मिळाले, आणि अंदाज असेल तेथे ‘अंदाज’ हा शब्द. वाड्याच्या पायात वा शेतात नाणी सापडली तर ती अदलाबदलीची वस्तू नव्हे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे परदेशातील पत्रमित्राला पाठविण्यासही १९७२ च्या कायद्याची आडकाठी आहे. आणि साध्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर ‘आधी शुल्क भरा’ हे वाक्य त्यात कोठे आहे ते शोधा. रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल २०२१ साली जाहीर इशारा द्यावा लागला होता.

तो थालर अजून माझ्या मित्राकडे आहे. गेल्या दिवाळीत मी भिंग आणि खिशातला तराजू घेऊन त्याच्या घरी गेलो. नाणे आरशासारखे चकाकत होते. लक्ष्मीपूजनासाठी वहिनी ते दरवर्षी चिंचेने आणि रांगोळीने घासतात. पदकाच्या जागी एक गुळगुळीत टेंगूळ उरले होते, शेपटीची पिसे मोजता येईनात. वजन भरले २७.४ ग्रॅम. ‘‘मग, कुठले रे हे? व्हिएन्नाचे की मुंबईचे?’’ मित्राने विचारले. मी भिंग पुसून पुन्हा एकदा पाहिले आणि ते त्याच्या हातात दिले.